टस्कीगीच्या विटा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरचंच आहे. माझ्या पुतणीच्या मुलाने बारावीला बरे गुण मिळूनही आयटीआयला जाऊन गवंडीकाम शिकायचं ठरवलंय. घरात जणू कोणी गेल्यासारखं वातावरण आहे. गेल्या आठवड्यात मला चार फोन आले. "काका, तुम्ही शिक्षक होतात, तुमचं ऐकेल तो. जरा समजवा." (फोन करणाऱ्यांपैकी निदान तिघं हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगतो, रागावू नका.)

समजवायचं म्हणजे काय, यावर मी दोन दिवस विचार केला आणि मला माझंच एक वाक्य आठवलं. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना मी वर्षानुवर्षं म्हणत आलो, "अभ्यास कर, नाहीतर घमेली उचलायला जाशील." एकदाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. त्यातल्या काही पोरांचे बाप त्याच वेळी शाळेच्या नव्या खोल्यांच्या बांधकामावर घमेली उचलत होते. पोरं मान खाली घालायची. मला वाटायचं, अभ्यास न केल्याची लाज वाटतेय.

असो. मग कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. बुकर टी. वॉशिंग्टन यांचं आत्मचरित्र, 'अप फ्रॉम स्लेव्हरी', १९०१ सालचं. त्याचे मराठी अनुवादही झालेले आहेत. टस्कीगी हे नाव आपल्याला ओळखीचं झालं ते वीणाताई गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे. पण कार्व्हर तिथे गेले १८९६ मध्ये. तोवर शाळा सुरू होऊन पंधरा वर्षं झाली होती, इमारती उभ्या होत्या. त्या कोणी बांधल्या, ही गोष्ट कार्व्हरच्या शेंगदाण्यांमागे जरा झाकली जाते.

बुकर जन्माने गुलाम, १८५६चा, व्हर्जिनियातला. गुलामगिरी संपली तेव्हा नऊ वर्षांचा. आपण गुलाम म्हटलं की कापसाचं शेत डोळ्यांसमोर आणतो. पण दक्षिणेतल्या मळ्यांवर सुतार, लोहार, गवंडी, वीट थापणारे यांत गुलामांची संख्या मोठी होती. मालकाला घर बांधायचं असलं की या गुलामांकडून बांधून घ्यायचा. म्हणजे हातात कसब होतं, पण हात स्वतःचे नव्हते. गुलामगिरी गेल्यावर पुढच्या पिढीने साहजिकच पुस्तकाकडे धाव घेतली, आणि जुने कारागीर एकेक करून जाऊ लागले तसे त्यांच्या जागी येणारे तरुण कमी पडू लागले. बुकरना हे दिसलं होतं.

४ जुलै १८८१ रोजी अलाबामातल्या टस्कीगी गावात शाळा सुरू झाली. राज्य सरकारने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले होते, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागेला नाही, इमारतीला नाही. एका चर्चजवळच्या पडक्या खोपटात वर्ग भरायचा. पाऊस आला की एक विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. (आमच्या पहिल्या शाळेची कौलं आठवली. छत्री मात्र कोणी धरली नव्हती!) पुढे शंभर एकरांचा एक ओसाड मळा पाचशे डॉलरला मिळाला. मालकाचं घर जळून गेलेलं. जे उरलं होतं त्यात एक तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं होतं. दोन्ही साफ करून तिथे वर्ग भरले.

बुकरनी ठरवलं की शाळेच्या इमारती विद्यार्थीच बांधतील. नुसते दगडमाती वाहणारे म्हणून नव्हे, तर शिकत शिकत. आणि इथे विरोध सुरू झाला. सरकारचा किंवा गोऱ्यांचा नव्हे, आईबापांचा! त्यांची पत्रं येऊ लागली, काही जण स्वतः येऊन भांडले. आमच्या मुलाला पुस्तकं शिकवायला पाठवलंय, राबायला नाही. राबणं आम्ही पुष्कळ केलं. मला या आईबापांचं मुळीच हसू येत नाही. ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते त्यांनी पोराच्या हातात फावडं पाहून काय म्हणावं? बुकर गावोगाव फिरून पालकांशी बोलत राहिले. नियम मात्र सैल केला नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाही अंगमेहनत चुकत नसे. आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी १८८४ पासून रात्रशाळा निघाली. दिवसा दहा तास काम, रात्री दोन तास अभ्यास. मजुरीचा मोठा भाग शाळेकडे जमा राहायचा आणि पुढे दिवसाच्या शाळेत गेल्यावर त्याच पैशातून जेवणाखाण्याचा खर्च भागायचा.

आता विटा. गावात वीटभट्टी नव्हती आणि शाळेला तर विटा हव्या होत्या. माती शोधण्यापासून सुरुवात. दोन-तीन ठिकाणी खणून झाल्यावर कामाची माती सापडली. मग त्या खड्ड्यात गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभं राहायचं. शिकायला म्हणून आलेल्या मुलांना हे पटेना. काही तर शाळा सोडूनच गेले. बुकर म्हणतात की वीट पाडणं त्यांना सोपं वाटलं होतं, पण त्यात, विशेषतः भट्टी भाजण्यात, फार कसब लागतं हे नंतर कळलं. पंचवीस हजार विटा पाडून पहिली भट्टी लावली. नीट भाजली गेली नाही, फुकट गेली. दुसरी लावली, तीही गेली. आता विद्यार्थी जवळ यायला तयार होईनात. हॅम्प्टनच्या शाळेत हस्तव्यवसाय शिकलेले काही शिक्षक पुढे झाले आणि तिसरी भट्टी उभी राहिली. भाजायला आठवडाभर लागतो. आठवडा संपत आला, आता काही तासांत हजारो विटा हाती येणार, आणि मध्यरात्री भट्टी कोसळली.

चौथ्या भट्टीला जवळ एक डॉलरही नव्हता. बहुतेक शिक्षक म्हणाले, सोडा आता. बुकरकडे एक जुनं घड्याळ होतं. ते घेऊन ते माँटगोमेरीला गेले आणि गहाण ठेवून पंधरा डॉलर घेऊन आले. चौथी भट्टी साधली. पण हाती पैसे येईपर्यंत गहाणाची मुदत संपली होती. घड्याळ गेलं ते गेलंच.

(इथे मला आपल्याकडच्या लक्ष्मीबाई पाटील आठवल्या. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला आणली. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. 'कमवा आणि शिका' म्हणून शिकलेले कितीतरी जण आपल्यात आहेत. दोन्हीकडे शाळा उभी राहिली ती कोणाच्या तरी अंगावरची वस्तू जाऊन.)

पुढे त्या भट्टीची कीर्ती झाली. शाळेबद्दल फारसं प्रेम नसलेले गोरे शेजारी विटा घ्यायला येऊ लागले, कारण विटा चांगल्या होत्या. आत्मचरित्र लिहिलं त्या सुमारास एका हंगामात बारा लाख विटा निघत होत्या. चाळीस इमारती झाल्या होत्या, त्यांतल्या चार सोडून बाकी सगळ्या मुख्यतः विद्यार्थ्यांच्या हातच्या. पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. नवा आलेला मुलगा चाकूने किंवा पेन्सिलीने भिंत खराब करायला लागला की जुना मुलगा त्याला दटावायचा, ही आमची इमारत आहे, मी हात लावलाय बांधायला. बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं पुसत ज्याने नोकरी केली त्यालाच या प्रसंगाची किंमत कळेल.

पण नुसता उत्साह पुरत नाही, शिकवणारा लागतो. तो मिळाला रॉबर्ट रॉबिन्सन टेलर यांच्या रूपाने. सुतारकाम आणि बांधकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. १८९२ मध्ये एमआयटीतून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. लगेचच ते टस्कीगीला आले. नकाशे त्यांचे, विटा मुलांच्या, सुतारकाम मुलांचं. १८९८ मध्ये पूर्ण झालेलं तिथलं मोठं प्रार्थनामंदिर असंच उभं राहिलं. (१९५७ मध्ये वीज पडून ते जळालं.) बुकर राहत ते 'द ओक्स' हे घरही टेलर यांच्याच नकाशावरचं, आजही उभं आहे. तिथे शिकलेल्यांपैकी कोणी वीट पाडण्याचा धंदा काढला, कोणी बांधकामाचे ठेके घेतले. व्हर्टनर टँडीसारखा एखादा पुढे न्यूयॉर्क राज्यात परवाना मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाला. १९१२ नंतर ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी खेडोपाडी शाळा निघाल्या, १९३२ पर्यंत जवळजवळ पाच हजार. त्यांचे सुरुवातीचे नकाशे टस्कीगीतच तयार झाले.

इथे थांबलो असतो तर माझ्या पुतणीच्या मुलाची बाजू छान मांडून झाली असती. पण इतिहास शिकवलाय, अर्धाच कसा सांगू? बुकरचं म्हणणं होतं की आधी हातात धंदा घ्या, राजकीय हक्कांची घाई करू नका. चांगल्या कामापुढे पूर्वग्रह टिकत नाही. १९०१ मध्ये हे पुस्तक छापून आलं, आणि त्याच वर्षी त्याच अलाबामाने नवी राज्यघटना करून जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीयांचं मत काढून घेतलं. विटा घेणारे हात मतपेटीपाशी आडवे आले. दोन वर्षांनी ड्यू बॉइस यांनी 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'मध्ये बुकरवर टीका केली, आणि ती मला पटते. कसब असलं तरी काम मिळेलच असं नव्हतं. बांधकामातल्या कितीतरी कारागीर संघटना कृष्णवर्णीयांना आत घेतच नव्हत्या. १९६९ मध्येसुद्धा फिलाडेल्फियातल्या सरकारी बांधकामांवर त्यांना कुशल कामं मिळावीत म्हणून निक्सन सरकारला ठेकेदारांवर नियम लादावे लागले. बुकरच्या भट्टीला तोवर ऐंशी वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

आपल्याकडे उलट गंमत. इथे दगड, लाकूड, माती यांचं कसब जातीतून बापाकडून मुलाकडे आलं. वडार, सुतार, कुंभार, बेलदार. ज्यांच्या हातात ते होतं त्यांना मान नव्हता, आणि ज्यांना मान होता त्यांच्या हातात ते कधी आलंच नाही. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत थापी कोणी धरली नाही. फोनवर चौघांपैकी एकाच्या तोंडून ते निघालंच, "आपल्यात कोणी केलंय का हे?" मी म्हटलं, नाही केलं. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

रविवारी तो आला. मी त्याला फायदे-तोटे दोन्ही सांगितले. म्हटलं, पाठ दुखेल, उन्हात उभं राहावं लागेल, पहिली काही वर्षं ठेकेदार बिगाऱ्याइतकेच पैसे देऊ पाहील, त्यामुळे प्रमाणपत्र पुरं केल्याशिवाय सोडू नकोस. मग टस्कीगीची गोष्ट सांगितली. घड्याळाच्या प्रसंगाला माझा आवाज जरा जड झाला, वर्गात व्हायचा तसाच. त्याच्यावर काहीच परिणाम दिसला नाही.

"नाना, पण चौथ्या भट्टीत वेगळं काय केलं त्यांनी?"

मी पुस्तक पुन्हा उघडून ते पान काढलं. पंधरा डॉलर आणले, माणसं गोळा केली, आणि या खेपेला साधलं, एवढंच लिहिलंय. विटा कशा रचल्या, जाळ कसा धरला, एक अक्षर नाही. मी ते पान कितीदा वाचलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो म्हणाला, तिसरी शेवटी पडली म्हणजे रचण्यात काहीतरी असणार. मग कागद मागून घेतला आणि जेवायची पानं मांडेपर्यंत काहीतरी काढत बसला. फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचाय. त्याच्या आईला मी फोन केला आहे.