प्रवराकाठचा रानबैल

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर एखाद्या लुप्त खुरी प्राण्याचा सांगाडा शोधू गेल्यास हाती बहुधा काळा पत्थरच लागेल. हा पत्थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. गाई-बैलांचे कूळ तेव्हा जन्मालाही आले नव्हते. पुढे कोकणात जनावरे वावरली, तरी सह्याद्रीवरून उड्या घेत येणाऱ्या इथल्या नद्या आखूड आणि उतावळ्या. हाडे झाकून ठेवील एवढा गाळ साचेपर्यंत त्या थांबत नाहीत, सारे समुद्राच्या स्वाधीन करतात.

घाट ओलांडला की चित्र पालटते. गोदावरी आणि प्रवरा यांनी हिमयुगाच्या काळात वाळू, गोटे आणि मातीचे जाड थर रचले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे अशाच गाळातून निघालेल्या लुप्त हत्तीची नोंद भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली प्रसिद्ध केली.

पण खरा पेच उभा राहिला तो नेवाशात. होय, ज्ञानेश्वरीचेच नेवासे! डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांना तिथे प्रवरेच्या गोट्यांच्या थरात अश्मयुगीन हत्यारे मिळाली, आणि लुप्त प्राण्यांची अश्मीभूत हाडेही. त्यांत होता बॉस नॅमॅडिकस, म्हणजे लांब शिंगांचा, गवतावर जगणारा भारतीय रानबैल. नर्मदेच्या प्राचीन ग्रीक नावावरून हे नामकरण ह्यू फाल्कनर यांनी केले होते.

हाड आणि हत्यार एकाच थरात, म्हणजे माणसाने या बैलाची शिकार केली असे म्हणावे काय? इथे उतावीळपणा नडतो. नदी दूरदूरच्या वस्तू वाहून आणून एकत्र टाकते. हाडावर हत्याराचे घाव दिसल्याखेरीज शिकार सिद्ध होत नाही. मात्र महाराष्ट्रातील अश्मयुगीन माणसाच्या परिसरात कोणती जनावरे होती, हे सांगण्यास या थराने पहिल्यांदाच भक्कम आधार दिला. सांकलियांनी हे निष्कर्ष १९५६ साली प्रसिद्ध केले.

या रानबैलाचे रक्त आजही गोठ्यांत आहे: खिल्लार, डांगी आणि एकूणच वशिंडाची गुरे त्याच्याच वंशातली मानली जातात. रानातला मूळ बैल मात्र भारतातून फार पूर्वीच नाहीसा झाला. युरोपातील त्याचे भाईबंद अधिक काळ तगले. त्यांतली शेवटची गाय पोलंडच्या जंगलात १६२७ साली मेली, शिवनेरीवर शिवजन्म होण्याच्या अवघी तीन वर्षे आधी.