धर्मगुरूविना तीन दशके : श्रीलंकेतील ख्रिस्ती जन आणि प्रायश्चित्त संस्कार

प्रायश्चित्त संस्काराचा विचार करताना आपली दृष्टी साहजिकच मंदिरातील पापनिवेदनपीठाकडे वळते. परंतु जेथे मंदिर नाही आणि धर्मगुरूही नाही, तेथे पश्चात्तापी मनुष्याने क्षमा कोठे शोधावी? सतराव्या शतकात श्रीलंकेतील कॅथलिक जनांपुढे हा प्रश्न सुमारे तीन दशके उभा होता.

डचांनी १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले. कॅथलिक धर्मगुरूंना बंदी झाली. त्यांना आश्रय देणे हा गंभीर गुन्हा ठरला. मंदिरे हातची गेली. कुटुंबांत प्रार्थना व जपमाळ टिकून राहिली. पापमुक्तीचे वचन उच्चारणारा मात्र कोणी उरला नाही.

मग ही माणसे कृपेला मुकली काय? १५५१ साली त्रेंत येथील विश्वपरिषदेने याचे उत्तर देऊन ठेवले होते. देवावरील प्रीतीतून उपजलेला परिपूर्ण पश्चात्ताप प्रत्यक्ष संस्कारापूर्वीही मनुष्याचा देवाशी समेट घडवितो. मात्र त्या पश्चात्तापात संस्काराची इच्छा अंतर्भूत असते. या शिकवणीत निराशेला जागा नाही, तशीच बेफिकिरीलाही नाही. ज्याला खरोखर क्षमा हवी आहे, तो धर्मगुरूची वाट पाहतो.

ती वाट पाहणे १६८७ साली फळास आले. बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले व १६७६ साली दीक्षित झालेले गोव्याच्या ओरातोरी मंडळाचे फादर जोसेफ वाझ मजुराच्या वेषात जाफन्यास पोहोचले. प्रवासाने ते आजारी पडले होते. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ती पाहून कोणाचे डोळे ओळखीने चमकतात, हे ते निरखीत. ओळख पटल्यावर रात्री गुप्तपणे संस्कार होऊ लागले. त्यांनी तमिळ व सिंहली या भाषा आत्मसात केल्या. मनुष्य आपले पाप स्वतःच्याच भाषेत मोकळेपणाने सांगू शकतो, हे येथे विसरता कामा नये.

१६९२ साली ते कँडीस गेले, तेव्हा पोर्तुगिजांचे हेर समजून त्यांना बंदीत टाकण्यात आले. पुढे १६९७ साली तेथे देवीची साथ पसरली. घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा त्यांनी व त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी धर्मभेद न मानता केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांचे देहावसान झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

हा इतिहास केवळ गौरवासाठी नाही. २०२० सालच्या महामारीत मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा रोमच्या प्रायश्चित्त न्यायासनाने परिपूर्ण पश्चात्तापाच्या याच शिकवणीचे स्मरण करून दिले. त्या दिवसांत किती घरांत मरणोन्मुखाजवळ बसून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणू शकणारे कोणी होते? ती प्रत्येक घरास समजावून शिकविणे हे धर्मशिक्षक बंधुभगिनींचे कर्तव्य होय. आणि आपण धर्मगुरूंनी स्वतःस विचारावे : आपल्याला बंदी नाही, वेषांतराची गरज नाही, तरी आठवड्यातून किती घटका आपण पापनिवेदनपीठात बसतो? देवाची दया धर्मगुरूच्या अभावी अडत नाही, हे खरे. पण म्हणून धर्मगुरूने अनुपस्थित राहावे, असे संत जोसेफ वाझ यांना कधीही वाटले नाही.