केसपेपरवरचं ‘इसेन्शियल’

रक्तदाब वाढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या आजाराचं शास्त्रीय नाव ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’. मूत्रपिंडाचा किंवा एखाद्या ग्रंथीचा विकार यामागे सापडला नाही, एवढंच ते सांगतं. १९११ साली एरिख फ्रँक या जर्मन डॉक्टरांनी हे विशेषण रूढ केलं, ते याच अर्थानं : दुसऱ्या रोगापोटी न आलेला, मुळातलाच विकार.

इंग्रजीत मात्र ‘इसेन्शियल’ म्हणजे आवश्यकही, आणि तो अर्थ तेव्हाच्या समजुतीला चपखल बसला. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच. तो उतरवणं धोक्याचं, असं नामवंत डॉक्टरही मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला. मीठ कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस यापलीकडे फारसं काही हाताशी नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले.

चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे या विकारावरचे परिणाम मांडले. आपले वैद्य ही मुळी निद्रानाशावर, उन्मादावर पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. वकिलांनी ती रुग्णांना देऊन दाबाची मोजमापं ठेवली आणि तो उतरतो हे जगापुढे ठेवलं. मुंबईच्या वैद्यकाचा इतिहास सांगताना हा निबंध पहिल्या रांगेत हवा, असं मला मनापासून वाटतं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढण्यात आलं.

दाब उतरवून जीव वाचतो का, याचं उत्तर १९६७ मध्ये एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखालच्या अमेरिकी चाचणीनं दिलं. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ माजी सैनिक त्यात होते. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत २७ गंभीर घटना घडल्या, औषधं घेणाऱ्यांत २. त्या औषधांत रेसरपिनही होतं.

‘आवश्यक’पणाचा समज तिथे निकालात निघाला, नाव मात्र टिकलं. पण ‘इसेन्शियल’ लिहिलं की कारणाचा शोधही थांबतो, ही अडचण आजही आहे. १९५५ मध्ये जेरोम कॉन यांनी अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढणारा दाब दाखवून दिला. ती गाठ काढल्यावर दाब उतरू शकतो. म्हणून रुग्ण तरुण असेल किंवा तीन-तीन औषधांनीही दाब हटत नसेल, तर केसपेपरवरचं हे विशेषण डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हवं.