नैराश्य चाळणी प्रश्नावली : विश्वसनीयता

नैराश्याची शक्यता असलेले रुग्ण हेरण्यासाठी वापरली जाणारी प्रश्नसूची. प्रचलित ‘पीएचक्यू-९’मध्ये (२००१) गेल्या दोन आठवड्यांविषयी ९ प्रश्न असून एकूण गुण ० ते २७ असतात, १० वा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करतात. दोन वेळचे किंवा दोन गटांचे गुण ताडून पाहायचे, तर प्रश्नाचा अर्थ सर्वांना सारखाच लागला पाहिजे. यास मापन-समतुल्यता म्हणतात. ‘थकवा येतो का?’ यावर मधुमेही किंवा गरोदर स्त्री ‘रोजच’ म्हणेल. तो गुण नैराश्याचाच असेल असे नाही. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्यसेवेत सामान्य मानसिक विकार हेरणाऱ्या ५ प्रश्नावल्या पडताळल्या (२००८). बेळगावच्या अनगोळसारख्या मराठी-कानडी वस्तीत दोन्ही भाषांतील प्रश्नावली स्वतंत्रपणे पारखणे अगत्याचे आहे. निदान मात्र प्रत्यक्ष मुलाखतीनेच करावे.