वेरूळ राहिलं, मकबरा पाहिला

आमच्या बचत गटातल्या आम्ही अकरा जणी वेरूळची लेणी पाहायला निघालो होतो. वर्षभर दर बैठकीला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. सोयाबीनची काढणी उरकली, घरच्यांची मनधरणी झाली आणि पहाटेच्या एसटीनं आम्ही छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला उतरलो. स्टँडवर वेरूळच्या गाडीची चौकशी केली तर कंडक्टरदादा म्हणाले, "ताई, आज मंगळवार. लेणी बंद असतात."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. परतीची गाडी संध्याकाळची होती. घृष्णेश्वराचं दर्शनही पुढच्या खेपेला लेण्यांबरोबरच घेऊ, आज हे शहर बघू, असं ठरलं.

या शहराचं जुनं नाव खडकी. १६१० साली मलिक अंबरनं ते वसवलं. हा मूळचा आफ्रिकेतला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर शहरात खेळवलं. पुढे तशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. तिथं यात्रेकरूंसाठी धान्य दळलं जाई. ते जातं बघून आमच्या आक्का म्हणाल्या, "आमच्या आयांना असं पाणी मिळालं असतं, तर पहाटेची झोप मिळाली असती."

तिथून रिक्षानं मकबऱ्याला गेलो. 'बीबी का मकबरा', दख्खनचा ताज. घुमट संगमरवरी आहे, खालच्या बऱ्याच भागाला दगडावर चुन्याचा गिलावा आहे. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक त्याच्याकडे बघतात. पण ही बीबी कोण, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिचं नाव दिलरास बानू बेगम. औरंगजेबाची बायको. १६३७ साली लग्न झालं. नवरा दख्खनचा सुभेदार होता, म्हणून ती या शहरात राहत होती. सप्टेंबर १६५७ मध्ये तिला पाचवं मूल झालं, मुलगा, अकबर. आणि ऑक्टोबरमध्ये, महिन्याच्या आतच, ती गेली. आपण बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतो ना? तोसुद्धा पुरा झाला नव्हता.

आता तिच्या सासूचं ऐका. सासू म्हणजे मुमताज महल, जिच्यासाठी ताजमहाल बांधला. दिलरासच्या लग्नाआधीच, १६३१ साली, बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात तिचा अंत झाला. म्हणजे आग्र्याचा ताज आणि आपल्या मराठवाड्यातला हा मकबरा, दोन्ही इमारती बाळंतपणानं गेलेल्या बायकांच्या आहेत. ज्या घरात हकीम होते, दाया होत्या, खायला-प्यायला कशाची ददात नव्हती, त्या घरातल्या सासू-सुनेचं हे असं झालं. शाळेच्या पुस्तकात आम्ही ताजमहाल पाठ केला, पण हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

मकबरा तिच्या मुलानं, आझमशाहानं बांधून घेतला, असं सांगतात. बांधणाऱ्या अताउल्लाचं आणि हंसपत राय यांचं नाव दरवाजावर कोरलेलं आहे. जिच्यासाठी बांधला, तिला मात्र लोक नुसतं 'बीबी' म्हणतात.

आत कबर खाली आहे, वरून वाकून बघायची. भोवती संगमरवराची नाजूक जाळी. आम्ही बघून बाहेर आलो, पण आमच्यातल्या एक मावशी तिथंच उभ्या राहिल्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गेली. अंगात ताप होता. उतरेल आज, उतरेल उद्या, म्हणत घरात ठेवलं होतं. मावशी इतकंच म्हणाल्या, "हिला दगडाचं एवढं मोठं घर मिळालं. माझ्या लेकीला वेळेवर गाडी मिळाली असती तरी पुरे होतं." परतीच्या एसटीत कुणी फारसं बोललं नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही एक गोष्ट ठरवली, तीच आज सांगायला आलो. बाळ झालं, आई घरी आली, की आपण सुटलो असं समजतो. पण ४२ दिवस जपायचे असतात. आशाताई त्या दिवसांत घरी येतात, त्यांच्यापासून काही लपवू नका. ताप, जास्त अंगावरून जाणं, घाण वास येणारा स्राव, झटके, डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. आमच्या गटानं आता दर बाळंतिणीच्या घरी दोघींची पाळी लावली आहे. ४२ दिवस.

वेरूळ राहिलंच आहे. पुढच्या वर्षी जाऊ, पण मंगळवार सोडून. मावशीही येणार आहेत.