राळेतला पैसा

पावसाच्या तोंडी ओल्या भिंतीवर चढणारा आणि काडी लावताच वेटोळे करून नाण्यासारखा पडणारा किडा आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. कोणी त्याला पैसा म्हणतात, कोणी वाणी. त्याचे घराणे मात्र राजेरजवाड्यांना लाजवील इतके जुने आहे. स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवनजवळच्या खडकात त्याच्या एका पूर्वजाचा तुकडा सापडला. वय ४० कोटी वर्षांहून अधिक. अंगावर श्वासाची छिद्रे दिसतात. तेव्हा हा प्राणी पाण्याबाहेर हवेवर जगत होता हे उघड आहे. तो शोधणारे माइक न्यूमन हे बस चालवणारे गृहस्थ. २००४ साली विद्वानांनी त्या प्राण्याला न्यूमोडेस्मस न्यूमनी असे नाव दिले. कष्टकऱ्याचे नाव शास्त्राच्या वहीत चढल्याचा हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण पुढची हकीकत अगदी उलट आहे.

खडकात बहुधा असे तुकडेच हाती लागतात. अख्खा पैसा पाहायचा तर तृणमण्याकडे, म्हणजे अंबराकडे, वळावे लागते. झाडाची राळ ओघळते, बुंध्याशी कुजक्या पाल्यात वावरणारा किडा तीत बुडतो, हवेचा संबंध तुटतो. मग ती राळ मातीखाली गाडली जाऊन युगानुयुगे घट्ट होत जाते. उत्तर ब्रह्मदेशातील, आजच्या म्यानमारमधील, हुकाँग खोऱ्यात असे अंबर मिळते. ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच कारभारात होता तेव्हा, १९१७ साली, कॉकरेल या प्राणिशास्त्रज्ञाने त्यातल्या एका केसाळ पैशाचे वर्णन केले. या अंबराचे वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षे, हे २०१२ साली झिरकॉनच्या कणांवरून ठरले.

२०१८ साली वेझेनर आणि मॉरिट्झ या जर्मन अभ्यासकांनी शेकडो नमुन्यांची यादी केली. पैशांच्या आजच्या १६ गणांपैकी १३ गण त्या राळेत हजर निघाले! डायनोसॉर हिंडत होते तेव्हाच या वंशाच्या बहुतेक फांद्या फुटून झाल्या होत्या. २०१९ साली एक जेमतेम ८ मिलिमीटरचा किडा क्ष-किरणांनी सर्व बाजूंनी न्याहाळला, तर तो कोणत्याच ज्ञात उपगणात बसेना. त्याच्यासाठी नवा उपगण करावा लागला. नाव बर्मानोपेटॅलम इनएक्स्पेक्टेटम, म्हणजे अनपेक्षित. फांद्या टिकल्या, तशा काही खुडल्याही गेल्या.

आता हे अंबर येते कोठून? माणूस कसाबसा उतरेल अशा अरुंद विवरांतून मजूर ते वर काढतात. शोधनिबंधात किड्याच्या पायांची मोजदाद असते, खणणाऱ्याच्या मजुरीची नसते. काचीन प्रदेशातील या खाणींचा मुलूख २०१७ साली लष्कराने ताब्यात घेतला आणि हजारो लोक देशोधडीला लागले. २०२० साली पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संस्थेने नियतकालिकांना विनंती केली, की २०१७ च्या त्या ताब्यानंतर विकत घेतलेल्या या अंबरावरील निबंध तूर्त छापू नयेत. अशाने ज्ञानच अडेल, असे काही पंडित म्हणाले. हा युक्तिवाद आम्हां संघटनावाल्यांना नवा नाही. संपाच्या वेळी उत्पादन अडेल असेच म्हणतात. तरी मला वाटते, २०१७ पूर्वी खणलेल्या नमुन्यांचा अभ्यास चालू राहावा, आणि नव्या खड्याबरोबर तो कोणी, कोठे व काय दामाने काढला याची नोंद मागावी.