नवेगाव बांध कुठे आहे, कधी जावं?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव पाहिला की निसर्गानेच घडवला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधलं पाणी अडवून तो भातशेतीसाठी बांधला.

हिवाळ्यात इथे स्थलांतरित बदकं येतात. ती चरतात काठालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे नेमकं आपण रील काढायला उतरतो तिथेच. थवा उडाला की तुमची सकाळ वाया आणि त्यांचं खाणंही. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच, दुर्बीण घेऊन जा. स्पीकर घरीच बरा.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. त्यांच्या लेखनात हा परिसर पुन्हापुन्हा भेटतो. शेजारचं जंगल १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात.